गौताळ्यातली सर्पगणना: नाला, पत्रे आणि जीपचे भाडे

"वाट सोपी आहे, जेमतेम दोन किलोमीटर" या निरोपावर विसंबून मी ऑगस्टमध्ये तीन दिवसांसाठी गौताळा औट्रमघाट अभयारण्यात सापांच्या नोंदी घेणारा स्वयंसेवक म्हणून गेलो. अंतर खोटे नव्हते; परंतु त्यातले शेवटचे चारशे मीटर वाहत्या नाल्यातून, शेवाळलेल्या काळ्या दगडांवरून जातात, हे कोणीही सांगितले नव्हते. तेवढ्याला आम्हाला सव्वा तास लागला. पाय घसरला की हात आपोआप कपारीकडे जातो, आणि न दिसणाऱ्या कपारीत हात घालायचा नाही, हा तर या कामाचा पहिला नियम! मी दोनदा पडलो. दुसऱ्यांदा उठताना हातापासून दीड वितीवर दगडाच्याच रंगाचे विषारी फुरसे वेटोळे एकमेकांवर घासत खरखरत होते. रबरी गमबूट तिथे निव्वळ घसरतात. घोटा झाकणारे, खाचदार तळव्याचे बूट आणि काठी नसेल, तर या पट्ट्याला सरळ नकार द्यावा.

काम मात्र उत्तम आहे. साप पकडायचा नाही, हातही लावायचा नाही. सापांनी खाली आडोशाला यावे म्हणून मांडून ठेवलेले पत्रे आकड्याने आपल्याकडे उचलायचे, म्हणजे पत्रा आडोसा होतो आणि सापाला पलीकडे निसटता येते. मग जात, वेळ, तापमान लिहून पत्रा होता तसा ठेवायचा. बहुतेक रकान्यांत शून्यच पडते आणि तेही लिहावेच लागते. फोटोंच्या हौसेने आलेले दोघे पहिल्याच संध्याकाळी कंटाळले. मी मोठ्या ऐटीत "मण्यार" अशी नोंद केली, तो बिनविषारी कवड्या निघाला. कवड्याचे पट्टे मानेपाशी ठळक असून शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे बहुधा जोडीने येतात आणि मानेपाशीच पुसट किंवा गायब असतात. हा फरक घरूनच घोकून जावे.

दुसरा आणि तिसरा दिवस माळावर सुखात गेले. एक धामण दिसली, एक कात मिळाली.

राहिला जीपवाला. कन्नडहून निघताना त्याने "तीनशे" म्हटले, आम्ही ते गाडीचे समजलो. परत येऊन उतरल्यावर तेच माणशी झाले आणि पाच जणांचे दीड हजार मोजावे लागले. भिजलेल्या, लंगडणाऱ्या माणसाला घासाघीस जमत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. म्हणून भाडे गाडीचे की माणशी, जाण्याचे की जाऊन येण्याचे, हे बसण्यापूर्वी चार लोकांदेखत वदवून घ्यावे. प्रतिसर्पविष जवळच्या कोणत्या रुग्णालयात आहे, याची फोनवरून चौकशीही त्याच वेळी करावी. आत शिरल्यावर माझ्या फोनला रेंज नव्हती.