‘साहेब दौऱ्यावर आहेत’ म्हटलं, की हालचाल नोंदवही मागा

नॉन-क्रिमीलेयरचा अर्ज भरला, कागद जोडले, पावती मिळाली. इथवर काहीच अडलं नाही. प्रकरण अडलं ते एका रिकाम्या खुर्चीपाशी, आणि तो राग अजून गेलेला नाही.

पाच दिवसांचा आठवडा 29 फेब्रुवारी 2020 पासून सुरू झाला, तेव्हाच कार्यालयाची वेळ सकाळी 9.45 ते सायंकाळी 6.15 अशी ठरली. शनिवारची सुटी सगळ्यांना पाठ आहे, पावणेदहा मात्र कोणाच्या लक्षात नाही. अकरा वाजता विचारलं तर ‘साहेब दौऱ्यावर’, डिसेंबरात ‘अधिवेशनाच्या ड्युटीवर’. नागपुरात ही दुसरी सबब खरीही असू शकते, म्हणून तिथे वाद घालू नका. शांतपणे विचारा, हालचाल नोंदवहीत नोंद आहे का? कामासाठी बाहेर पडणाऱ्याने कुठे, कशासाठी आणि किती वाजता गेलो हे तिच्यात लिहायचं असतं. नोंद नसेल तर तो दौरा कागदावर नाही. मग प्रश्न बाबूचा उरत नाही, त्याच्या वरिष्ठाचा होतो. मस्टर रोज तपासणं हे वरिष्ठाचंच काम आहे. त्याने डोळेझाक केली नसती तर खालचा माणूस रोज अकराला आला नसता, असं माझं ठाम मत आहे.

त्याच दिवशी कार्यालयप्रमुखाच्या नावे एक पानी अर्ज द्या. त्यात तारीख, वेळ, टेबलाचं काम आणि मिळालेलं उत्तर एवढंच लिहा. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. ‘साहेबांना विचारून देतो’ म्हणाले तर स्पीड पोस्टाने पाठवा. अर्जात 2005 च्या बदल्या व विलंब प्रतिबंध कायद्याचं कलम 10 लिहा. त्यानुसार फाइल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये, आणि हेतुपुरस्सर विलंब केला तर शिस्तभंगाची कारवाई होते. हा उल्लेख असला की अर्ज सहसा बाजूला टाकला जात नाही.

माहिती अधिकारात ‘उशीर का झाला’ असं विचारू नका, उत्तर मिळणार नाही. अमुक तारखांच्या हालचाल नोंदवहीच्या आणि आवक नोंदवहीच्या प्रमाणित प्रती मागा. नाव घालू नका, पदनाम लिहा, नाहीतर ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नाकारतात.

सेवेची मुदत फलकावर लावणं बंधनकारक आहे. ती उलटली की 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली 30 दिवसांत पहिलं अपील करा, मग दुसरं, आणि तिसरं आयोगाकडे. नागपूर विभागासाठी आयुक्त वेगळे आहेत. दंड 500 ते 5,000 रुपये. पहिला अपील अधिकारी वारंवार मुदतीत निर्णय देत नसेल किंवा दोषीला पाठीशी घालत असेल, तर दंड त्यालाही होतो. दुसऱ्या अपिलात हे जरूर लिहा.

हे आधीच सांगायला हवं होतं: मुदत संपत आली की अर्जावर ‘त्रुटी’ मारून परत पाठवतात आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजतात. त्रुटी कोणत्या तारखेला काढली ते पावतीसोबत जपून ठेवा. अपिलात तीच तारीख कामी येते.