भंगारालाही कुलूप: एरोस्पेसचं सर्टिफिकेट काढताना

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. वडिलांच्या काळापासून गाड्यांचे पार्ट करतो. त्या धंद्याचं गणित ठरलेलं: पीस हजारोंनी, मार्जिन पैशांत, आणि दरवर्षी परचेसवाल्याचा फोन, "यंदा किती कमी करताय?" त्याला कंटाळूनच मी एएस 9100 च्या, म्हणजे विमानाच्या कामासाठी लागणाऱ्या क्वालिटी सर्टिफिकेटच्या, मागे लागलो. विमानाच्या कामात हे सर्टिफिकेट नसेल तर सहसा कोणी कोटेशनही मागत नाही.

नाशिकजवळच्या ओझरला विमानांचा कारखाना आला तो 1964 साली, मिग लढाऊ विमानांसाठी. आमच्याकडे अजूनही लोक "मिगमध्ये नोकरीला" असंच म्हणतात. पुढे तिथेच 222 सुखोई लढाऊ विमानं बनली. त्या ऑर्डरवर नुसता कारखाना चालत नव्हता. अंबड-सातपूरचे गाळे, हीट ट्रीटमेंटवाले, टूल रूम, कामगारांच्या घरांचे हप्ते, सगळं त्यावर होतं. सुखोईचं काम ओसरू लागलं तेव्हा शेजारच्या गाळ्यातली मशीनं बंद पडलेली मी पाहिली आहेत. एकाच गिऱ्हाइकावर तरलेलं गाव कसं असतं, ते तेव्हा कळलं. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये तेजस मार्क 1ए या लढाऊ विमानाची लाइन ओझरला सुरू झाली. वर्षाला आठ विमानं एवढी तिची क्षमता. आकडा किरकोळ वाटेल, पण एका विमानात हजारो पार्ट असतात आणि ते सगळे एका छपराखाली होत नाहीत.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर आधी कन्सल्टंट येतो आणि मॅन्युअल नावाचा जाडजूड गठ्ठा देतो. तो बाजूला ठेवा. खरं काम शॉप फ्लोअरवर असतं. ऑडिटरने पहिल्याच फेरीत रॅकवरचा एक ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट उचलला आणि विचारलं, "हा कुठल्या बारमधून कापला?" म्हणजे धातूच्या कुठल्या सळईतून. मग उलटा प्रवास सुरू झाला. पार्टचा प्रत्येक टप्पा लिहिलेलं रूट कार्ड, त्यावरचा हीट नंबर (मिलने धातूच्या त्या घाण्याला दिलेला), बार आला त्या दिवसाची इनवर्ड नोंद, मिलचं टेस्ट सर्टिफिकेट, आणि शेवटी उरलेला तुकडा. त्या तुकड्यावरही तोच नंबर पंच केलेला हवा. नसेल तर तो तुकडा कितीही चांगला असो, विमानासाठी बाद. मशीन लावून देणारे आमचे जुने सेटर काका तेव्हापासून म्हणतात, "भाऊ, पोरांच्या नावापेक्षा बारचंच नाव जास्त लिहावं लागतंय."

भंगाराची गोष्ट आणखी मजेशीर. गाड्यांच्या धंद्यात रिजेक्ट पीस ड्रममध्ये टाकायचे, शनिवारी भंगारवाला किलोवर उचलतो, विषय संपला. इथे रिजेक्ट जॉबला लाल रंग लावायचा, जाळीच्या पिंजऱ्यात कुलूपबंद ठेवायचा आणि विकण्याआधी कापून पुन्हा वापरता येणार नाही असा करायचा. बाद झालेला पार्ट बाजारातून फिरून एखाद्या विमानात बसू नये, एवढंच त्यामागचं कारण. भंगारवाल्याला मात्र वाटलं, आम्ही त्याच्यावर संशय घेतोय!

सर्टिफिकेट भिंतीवर लागलं म्हणजे काम मिळालं असं होत नाही. पहिल्या जॉबचं फर्स्ट आर्टिकल इन्स्पेक्शन असतं. ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला गोल करून नंबर द्यायचा आणि त्या नंबरापुढे प्रत्यक्षात आलेलं माप लिहायचं. तळहातावर मावणाऱ्या ब्रॅकेटला शंभरावर मापं निघाली. पोरगं सीएमएमवर, म्हणजे मापं तपासणाऱ्या यंत्रावर, बसून होतं आणि मशीनवरचं काम त्याच्या अर्ध्या वेळात उरकलं होतं. किमतीत हा वेळ धरला नाही तर एरोस्पेस तोट्यातच जाणार.

मग ॲनोडायझिंग, म्हणजे ॲल्युमिनियम गंजू नये म्हणून त्यावर चढवायचा थर. ही स्पेशल प्रोसेस, म्हणजे गिऱ्हाइकाने मंजूर केलेल्या ठिकाणीच करायची. माझ्या गिऱ्हाइकाच्या यादीत नाशिकचं एकही नाव नव्हतं. जॉब बंगळुरूला गेला, परत आला. जातानाही भाडं, येतानाही भाडं, वर तिथला दर. बंगळुरूत हे सगळं एका गल्लीत मिळतं, कारण तिथे 1940 पासून हा धंदा मुरलेला आहे. आणि तो सुरू करणारे वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे! असो.

पैशांचं दुखणं वेगळंच. एका मोठ्या सप्लायर कंपनीने पहिल्या मालाचं पेमेंट इतकं लांबवलं की बँकेची सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट संपत आली. छोट्या उद्योगांसाठीचा एमएसएमई कायदा पेमेंटला 45 दिवसांच्या वर जाऊ नका म्हणतो. आता तर मुदत टळलेल्या बिलाची आयकरातली वजावट देणाऱ्याला पैसे प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी मिळते. त्याचा धाक आहे, पण नव्या वेंडरने पहिल्याच व्यवहारात कायदा दाखवला तर दुसरी ऑर्डर कोण देईल? आम्ही उद्यम नोंदणीचा (छोटा उद्योग असल्याच्या सरकारी नोंदीचा) नंबर प्रत्येक बिलावर ठळक छापला आणि फोन करत राहिलो. पैसे आले, उशिराचं व्याज नाही.

तरीही मी या कामात राहणार आहे. देशातलं संरक्षण उत्पादन 2024-25 मध्ये दीड लाख कोटींपर्यंत गेलं असं सरकार सांगतं. माझ्यापुरता हिशेब साधा आहे. गाडीच्या पार्टमध्ये मी मुख्यतः धातू विकतो, विमानाच्या पार्टमध्ये माणसाचा वेळ. सीएमएमवर बसणाऱ्या पोराला मी आज जो पगार देतो, तो गाड्यांच्या कामावर परवडला नसता. आयटीआय करून पुण्याला निघालेला पोरगा नाशकात थांबला. शिवाय मॉडेल बदललं म्हणून हे काम चार वर्षांत बंद होत नाही. विमान तीस-चाळीस वर्षं उडतं आणि तोवर सुटे भाग लागतात.

राज्याने 2018 मध्ये एरोस्पेस आणि डिफेन्ससाठी स्वतंत्र धोरण आणलं. माझ्यासारख्याला त्यातून नवी जमीन नको, आहे तो गाळा पुरे. अंबड-सातपूरच्या मध्ये कुठेतरी मंजुरी असलेली ॲनोडायझिंगची एक सामायिक लाइन आणि तासाच्या दराने मिळणारं सीएमएम एवढं उभं करा. बंगळुरूचं भाडं वाचलं तर पुढचं कोटेशन मी तिथल्या वर्कशॉपच्या बरोबरीने टाकू शकेन.