टांग उंच टाकायची सवय

परवा दुपारी एक जण नेकेड, म्हणजे काच-आवरण नसलेल्या उघड्या बाइकवर बसताना दिसला. डावा पाय फूटपेगवर ठेवला, हँडल धरलं आणि उजवी टांग अशी काही उंच टाकली, की मागे टॉपबॉक्स आणि त्यावर बांधलेला तंबू असावा. मागे काहीच नव्हतं. वीतभर शेपटी, तिच्याखाली नंबरप्लेट, संपलं. गडी नुकताच ॲडव्हेंचर टूररवरून, म्हणजे लांब प्रवासाच्या उंच गाडीवरून उतरलाय, हे आणखी कुणी सांगायची गरज नव्हती.

उंच गाडीवर पेगवर चढून बसणं हा नाइलाज असतो. नेकेडवर दोन्ही पाय जमिनीला टेकत असताना तसं कशाला करायचं? गाडीचं आणि माणसाचं बरंच वजन त्या बारक्या साइडस्टँडवर आणि त्याच्या एका बोल्टवर येतं. पण सवयी डोक्यात नसतात, मांड्यांत आणि मनगटांत असतात. गाडी विकली जाते, त्या राहतात.

टूररवरून नेकेडवर येणाऱ्याला सगळे एकच दम देतात: ‘ताकद सांभाळ रे बाबा!’ मला हा सल्ला अर्धवट वाटतो. केटीएमची १२९० सुपर ॲडव्हेंचर एस ही टूरर आणि १२९० सुपर ड्यूक आर ही नेकेड घ्या. घराणं एक, १३०१ सीसीचं व्ही-ट्विन इंजिन एकाच कुळातलं. एकीत १६० अश्वशक्ती, दुसरीत १८०. टॉर्क दोन्हींत १४० न्यूटन-मीटरच्या आसपास. म्हणजे पहिलीवर दोन हंगाम काढलेल्या माणसाला दुसरीची ताकद काही परकी नाही. परकं असतं ते बाकीचं. पुढचं चाक १९ इंचांवरून १७ वर आलेलं असतं, फोर्कचा, म्हणजे पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचा, वरखाली प्रवास २०० मिलिमीटरवरून १२५ वर, टाकी २३ लिटरवरून १६ वर. आणि काच गेलेली असते.

गंमत म्हणजे सीट फारशी खाली येत नाही. सुपर ॲडव्हेंचरची खालच्या खाचेत ८४९ मिलिमीटर, सुपर ड्यूकची ८३५. चौदा मिलिमीटर म्हणजे बुटाच्या तळव्याएवढा फरक. तरी पहिल्या दिवशी आपण रस्त्यावरच बसलोय असं वाटतं. हँडल खाली आणि पुढे जातं, पेग मागे सरकतात, कंबर वाकते आणि डोळे खाली येतात. समोरच्या मोटारीच्या टपावरून पलीकडचा रस्ता दिसायचा, तिथे आता तिची डिकी दिसते. मग अंतर जरा जास्त ठेवायला लागतं, इतकंच.

काचेचं मात्र इतकंच नसतं. मोठ्या विंडस्क्रीनमागे बसून गाडी चालवणं म्हणजे ओसरीवर बसून पाऊस बघणं. नेकेडवर आपण अंगणात असतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० वरून १२० ला गेलं की तो सव्वादोन पट होतो, आणि तो थेट छातीवर येतो. नवखा माणूस या दाबाला हातांनी उत्तर देतो. हँडल घट्ट धरतो, कोपर ताणतो, आणि तासाभरात मान धरली, मनगटं भरून आली म्हणून गाडीला नावं ठेवतो. उपाय टाकीजवळ आहे. गुडघे टाकीला दाबायचे, पोट जरा आवळायचं, पाठीला किंचित पोक येऊ द्यायचा आणि कोपर सैल सोडायचे. मधूनच चालत्या गाडीवर बोटं हलवून बघावीत. पियानो वाजवल्यासारखी हलली तर ठीक, नाहीतर आपण हँडलला लटकलोय. टाकी गुळगुळीत असेल तर दोन्ही बाजूंना रबरी ग्रिप पॅड चिकटवावेत. या बदलात जी काही खरेदी होते त्यात सगळ्यात उपयोगी हीच.

ब्रेकचं प्रकरण जास्त नाजूक. दोनशे मिलिमीटरच्या फोर्कवर पुढचा ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली जातं. चालवणाऱ्याला वर्षानुवर्षं तीच खूण झालेली असते: नाक वाकलं, म्हणजे ब्रेक लागला. नेकेडचा फोर्क आखूड आणि कडक. नाक तेवढं वाकत नाही, म्हणून ‘लागला नाही वाटतं’ असं समजून बोटं अजून आवळली जातात, आणि तोवर मागचं चाक हलकं झालेलं असतं. लिव्हर दोन टप्प्यांत दाबायची. आधी हलकेच, पुढचा टायर रस्त्यावर दबेपर्यंत, मग हवा तेवढा जोर. बहुतेक वेळा दोन बोटं पुरतात. टेलिलिव्हर नावाचं वेगळं पुढचं सस्पेन्शन असलेल्या बीएमडब्ल्यूवरून येणाऱ्यांचं नेमकं उलटं होतं. त्या रचनेत नाक जवळपास वाकतच नाही, त्यामुळे साध्या फोर्कचं थोडंसं वाकणंही त्यांना दचकवतं. शिवाय त्यांचा पुढचा लिव्हर मागचा ब्रेकही थोडा लावतो. नेकेडवर सहसा ज्याचा त्याचा ब्रेक ज्याने त्याने लावायचा.

वळणावर १७ इंची चाक हलकं वाटतं. उंच गाडीला वळणात घालताना हँडलला जो धक्का द्यायची सवय असते, तेवढा दिला तर नेकेड वळणाच्या आतल्या कडेला जाऊन पोचते. मग घाबरून सरळ करायची, परत झुकवायची, असं एका वळणाचे तीन तुकडे होतात. धक्का निम्मा करावा आणि नजर वळणाच्या शेवटाकडे टाकावी. टायर नवे असतील तर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर बेताने. नव्या रबराची चकाकी जाईपर्यंत पकड पूर्ण येत नाही. या मऊ टायरचं आयुष्यही टूररच्या टायरपेक्षा बरंच कमी असतं, तेव्हा मागचा टायर लवकर बदलायला लागला तर गाडीला दोष देऊ नये.

आणि यू टर्न! लहान गाडी, लहान व्हीलबेस (दोन चाकांतलं अंतर), म्हणजे चटकन वळेल असा सगळ्यांचा समज. पण नेकेडचा वंश स्पोर्ट बाइकचा. १९९३ साली बाजारात आलेल्या डुकाटीच्या मॉन्स्टरचा सांगाडासुद्धा त्यांच्या सुपरबाइकवरून घेतलेला होता. असल्या सांगाड्यात हँडल दोन्ही बाजूंना कमीच फिरतं. उंच टूरर ज्या गल्लीत एका दमात वळते तिथे नेकेडला पाय टेकून मागे घ्यावं लागतं. क्लच अर्धा धरून, रेस स्थिर ठेवून, मागचा ब्रेक हलकाच लावून गाडी आत झुकवायची आणि आपण बाहेरच्या बाजूला सरकायचं. जमेपर्यंत लोक बघतात. बघू द्यावेत.

सस्पेन्शनला हात लावायची लोकांना भीती वाटते, आणि जे लावतात ते बहुधा चुकीच्या ठिकाणी लावतात. खड्ड्यात गाडी आपटली की पहिला विचार ‘प्रीलोड वाढवू, स्प्रिंग कडक होईल’. प्रीलोड म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब; त्याने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त उचलली जाते. त्याआधी सॅग, म्हणजे वजनाने गाडी किती दबते ते, मोजावं. मागचं चाक हवेत असताना चाकाच्या ॲक्सलपासून शेपटीवरच्या एका खुणेपर्यंतचं अंतर घ्यायचं. मग चाक जमिनीवर ठेवून, गाडी कुणीतरी सरळ धरलेली असताना, नुसत्या गाडीच्या वजनाने ते किती कमी झालं ते बघायचं. शेवटी जाकीट-हेल्मेटसकट पेगवर पाय ठेवून बसायचं आणि तिसऱ्याने परत मोजायचं. म्हणजे माणसं तीन लागतात, आणि टेप धरणारा आळशी नसावा. पहिल्या आणि शेवटच्या मापातला फरक रस्त्यावरच्या नेकेडला मागे साधारण ३० ते ३५ मिलिमीटर ठीक असतो, पुढे किंचित जास्त चालतो. नुसत्या गाडीचा ५ ते १५. लांब प्रवासाच्या टूररवर हाच आकडा ६०-७० असायचा, म्हणून जुन्या आठवणीने सैल सोडू नये. माणूस बसल्यावरचा आकडा बरोबर येतोय पण नुसत्या गाडीचा शून्य, असं झालं तर स्प्रिंग आपल्या वजनाला नरम आहे. तिथे पाना कितीही फिरवला तरी उपयोग नाही, स्प्रिंगच बदलावी लागते. रिबाउंड, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उघडायचा वेग, नंतर, तेही दोन-दोन क्लिकने, आणि आधी मूळ आकडा कागदावर लिहून. न लिहिता फिरवणारे पुढे आठवडाभर ‘आधी बरी होती’ म्हणत बसतात.

खड्ड्यांचं सांगायचं तर उभं राहायची सवय सोडावी. नेकेडवर पेग मागे आणि हँडल खाली, त्यामुळे पूर्ण उभं राहिलं की माणूस ओणवा होतो आणि सगळं वजन मनगटांवर जातं. अंग सीटवरून दोन बोटं उचलायचं, वजन पेगवर, गुडघे टाकीला. तेवढ्याने कंबर वाचते. रिम वाचवायची असेल तर टायरमधली हवा नेमकी हवी. बऱ्याच नेकेडना पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय सांगितलेलं असतं, पण आपल्या गाडीचं स्टिकर बघावं आणि टायर थंड असतानाच मोजावं.

टाकीचं गणित सोपं आणि कडू. लिटरला १७ किलोमीटर धरले तर २३ लिटरमध्ये ३९० होत होते, १६ लिटरमध्ये २७०. शेवटचे तीन लिटर राखीव मानले तर हातात राहतात २२०. टूररवाल्याला पंप दिसला तरी पुढे जायची खोड असते. ती इथे महागात पडते. सामानाचंही तसंच. मागच्या सीटवर मोठी बॅग बांधली की वजन मागच्या ॲक्सलच्याही पलीकडे जातं, पुढचं चाक हलकं होतं, आणि आखूड गाडी रेस दिल्यावर ते उचलायला निमित्तच शोधत असते. जड वस्तू टाकीवरच्या बॅगेत, मागे फक्त कपडे. ॲल्युमिनियमच्या रिकाम्या पेट्या वर्षभर लावून ऑफिसला जाणाऱ्यांबद्दल माझं जे मत आहे ते इथे नको.

रेस दिल्यावर झटका बसतो, ही नव्या नेकेडवाल्यांची ठरलेली तक्रार. दोष ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, दिला जातो. आधी चेन बघावी. लांब प्रवासाच्या टूररचा स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, जास्त वरखाली होतो, म्हणून तिची चेन बरीच सैल ठेवावी लागते. तोच ढिलेपणा नेकेडवर ठेवला की रेस सोडताना आणि देताना चेन आधी मोकळी पळते, मग ताणली जाते, आणि तोच झटका. उलट फार आवळली तर कुणी मागे बसल्यावर ती ताठ होते आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग मार खातं. मॅन्युअलमधलं माप घ्यावं, चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजावं आणि जिथे चेन सगळ्यात ताठ असेल तिथे ते जुळवावं.

चेनऐवजी शाफ्टने चाक फिरवणाऱ्या टूररवरून आलेल्यांना तर चेन हे प्रकरणच नवीन. पाचशे ते हजार किलोमीटरला ल्यूब, पावसात भिजली तर त्याच दिवशी, आणि चेन कोमट असताना, आतल्या बाजूने. नेकेडला सेंटर स्टँड सहसा नसतो, त्यामुळे मागचं चाक उचलणारा पॅडॉक स्टँड घ्यावा आणि तो अडकवायच्या बॉबिन स्विंगआर्मला लावताना आपल्या गाडीची आटी ६, ८ की १० मिलिमीटरची ते आधी तपासावं. स्टँड नसेल तर गाडी हातभर ढकलायची, दिसेल तेवढ्या चेनवर फवारायचं, परत ढकलायची. वेळ लागतो, लागू दे. गाडी स्टँडवर चढवून, चालू करून, पहिल्या गिअरमध्ये टाकून फिरत्या चेनवर फडकं धरणारे लोक आहेत. ते फडकं चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये ओढलं जातं, त्याच्याबरोबर बोटं जातात, आणि हे सगळं इंजिन आयडलवर असताना होतं. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, चाक हाताने फिरवायचं. यात सवलत नाही.