जिंकलं काय पण त्यानं?

रविवार, रात्रीचा दीड

झोप उडालीये. कारण लिहायलाही लाज वाटावी इतकं फुटकळ.

संध्याकाळी चिरंजीव आकाशी जर्सी घालून सोफ्यावर लोळत होते. हौसेनं त्याला आमच्या मँचेस्टर सिटीच्या जुन्या जॉर्जियन खेळाडूचा, किंकलाद्झेचा, साउथॅम्प्टनविरुद्धचा गोल दाखवला. मार्च 1996, मेन रोड, सिटीचं तेव्हाचं मैदान. पठ्ठ्या उजवीकडून आत घुसतो, एकेकाला गुंगारा देत जातो, समोर गोलकीपर बीझंट येतो आणि हा मारतच नाही. थांबतो. बीझंट आपसूक खाली बसतो, मग हा बॉल अलगद त्याच्यावरून टाकतो.

"भारी," पोरगा म्हणाला. मग, "जिंकलं काय पण त्यानं, बाबा?"

मला बोलताच आलं नाही.

जॉर्जियातल्या लीग जिंकला, पण इंग्लंडमध्ये? काय सांगणार? 1995 ला तिबिलिसीहून 20 लाख पौंडांना आला. पहिल्याच सीझनला सिटी खालच्या लीगमध्ये गेली. शेवटच्या दिवशी लिव्हरपूलशी 2-2, आणि बरोबरी पुरते अशा समजुतीत आमचे लोक कोपऱ्यात बॉल अडवून वेळ काढत बसले! तीन टीमचे 38-38 पॉइंट, गोलफरकात बुडालो ते आम्ही. हा आता जाणार, असं सगळेच म्हणाले. गेला नाही. 1998 ला सिटी आणखी एक पायरी घसरली, तेव्हा कुठे हॉलंडच्या आयाक्स क्लबला गेला. तिथे त्यांच्या खेळात याला जागाच नव्हती. मग इंग्लंडमधला डर्बी क्लब, सायप्रस, रशियातलं कझान. संपलं.

आणि तरी मेन रोडवाल्यांनी सलग दोन वर्षं त्यालाच वर्षाचा खेळाडू निवडलं. बुडत्या टीममधून.

मीही 95 लाच इथे आलो. त्यालाही सुरुवातीला इंग्रजी येत नव्हतं, हॉटेलात एकटा. मग आई आली, तिकडचे अक्रोड आणि मसाले घेऊन. हे वाचलं तेव्हा मला आमच्या आईची गोड्या मसाल्याची पुडी आठवली, चार पिशव्यांत गुंडाळलेली, तरी सगळ्या बॅगेला वास. असो.

जिंकलं काय. जिंकलं काय. पोरानं विचारलं किंकलाद्झेबद्दल, मी उगाच अंगाला लावून घेतलं. शुक्रवारचं पत्र अजून बॅगेतच आहे. हिला सांगितलेलं नाही. इतकी वर्षं...

तसा एक पायरी खाली मीही दोनदा आलोय. माझ्या नावानं तीस हजार माणसं गात नव्हती, एवढाच फरक. कॅन्टीनवाली बाई न विचारता चहात साखर कमी घालते, तेवढी एक फॅन.

आत्ता परत गोल लावलाय, आवाज बंद करून. किती जणांना चकवतो हे मोजतोय. दर वेळी आकडा वेगळा. वरून हाक आली, "अहो, किती वाजले?"

आलोच म्हणालो. अजून एकदा मोजतो. पत्राचं उद्या बघू.