एक मिलिमीटरच्या खाचेसाठी बिट

वाड्याचं १:२४ मापाचं मॉडेल करतोय. खिडकीच्या चौकटीला एक मिलिमीटरची खाच हवी, आणि पुण्याच्या बोहरी आळीत राऊटर बिट (यंत्राला लावून लाकडात खाच कोरणारं पातं) मागितलं की समोर येतं ते पाव इंची दांड्याचं, सुताराच्या कामाचं. सुंदर वस्तू, पण माझ्या चौकटीपेक्षा तीच जाड!

माझं उत्तर सर्किट बोर्ड कापणाऱ्यांच्या सामानात मिळालं. त्यांच्या कार्बाइड एंड मिलचा (फार कठीण धातूच्या, टोकाने आणि बाजूने कापणाऱ्या बारीक बिटाचा) दांडा ३.१७५ मिमी, म्हणजे एक अष्टमांश इंच असतो, आणि तो ड्रेमेलसारख्या रोटरी टूलच्या (हातात धरून चालवायच्या छोट्या फिरत्या यंत्राच्या) ३.२ मिमीच्या कॉलेटमध्ये, म्हणजे दांडा पकडणाऱ्या नळीत, चपखल बसतो. पातं ०.८ मिमीचंही मिळतं. दांडा ३ मिमीचा निघाला तर घेऊ नका. त्या कॉलेटमध्ये तो नीट धरला जात नाही, आणि इतकं बारीक पातं थोड्याशा थरथरीनेही मोडतं. दातांच्या डॉक्टरांचे २.३५ मिमी दांड्याचे बर, म्हणजे दात कोरायची बारीक पाती, गोलाईच्या नक्षीला फार छान, त्यांना २.४ मिमीचं कॉलेट लावायचं.

सागवानात सिलिका असते, त्यामुळे हायस्पीड स्टीलची धार लवकर जाते, म्हणून कार्बाइडच. मात्र ते ठिसूळ. एका फेरीत पात्याच्या व्यासाच्या निम्म्याहून खोल जायचं नाही, आणि भुसा सतत फुंकून काढायचा, नाहीतर खाच काळी पडते. शिवणीचं लाकूड मिळालं तर काम फारच सुखाचं होतं.

दिंडी दरवाजाची चौकट आता याच बिटाने करणार आहे.