तुम्ही विचारलंत म्हणून : माझी बोटं गिटारची नाहीत का?

"ताई, खरं सांगा, माझी बोटं गिटारची नाहीत ना?"

मी गिटार शिकवते, आणि हा प्रश्न मला वर्षातून पंधरा-वीस वेळा तरी येतो. बहुधा फोनवर, आणि बहुधा गिटार घरी आल्यापासून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. विचारणारा कधी आठवीतला मुलगा असतो, कधी घरून काम करणारी इंजिनिअर, कधी नुकतेच निवृत्त झालेले काका. सूर मात्र सगळ्यांचा एकच. सोडायचं मनात ठरलेलं असतं, फक्त कुणीतरी 'हो' म्हणायला हवं असतं. मी 'हो' म्हणत नाही. मी म्हणते, गिटार घेऊन या.

असं का म्हणते ते सांगायचं तर मला माझ्या पहिल्या गिटारपासून सुरुवात करावी लागेल.

१९९८ साली मी अकरावीत होते. वडिलांनी मोठ्या कौतुकाने एक काळी, चकचकीत, स्टीलच्या तारांची गिटार आणली आणि क्लास लावून दिला. सी, ए मायनर, जी या कॉर्डपर्यंत (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवायचा सुरांचा गुच्छ) मी रडतखडत पोचले. मग एफ आली. पहिलं बोट, म्हणजे तर्जनी, सहाही तारांवर आडवं टाकून दाबायची कॉर्ड. माझ्या सहापैकी दोन तारा वाजायच्या, बाकीच्या नुसत्या थप थप. दोन महिने रोज तेच. बोटांच्या टोकांना तारेचे निळे वळ उठायचे, वही धरवायची नाही. शेवटी शिकवणाऱ्यांनी माझा पंजा उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "बोटं आखूड आहेत. तू की-बोर्ड घे." सोळा वर्षांच्या मुलीला तेवढं पुरलं. गिटार कपाटावर गेली आणि दोन वर्षं तिथेच राहिली.

आम्ही मिरजेचे. सतारी आणि तंबोरे करणाऱ्यांचं हे गाव, पिढ्यान्‌पिढ्या तेच काम करणारी घरं इथे आहेत. अशाच एका घरातले चाचा माझ्या आत्याचा तंबोरा जवारी काढून, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून झंकार नीट करून, परत द्यायला आले होते. त्यांची नजर कपाटावर गेली. गिटार खाली काढायला लावली, एक डोळा मिटून नेकवरून, म्हणजे गिटारच्या लांब दांडीवरून, आरपार पाहिलं, मग आईकडून काडेपेटी मागून घेतली. दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात त्या फ्रेट; त्यातल्या बाराव्या फ्रेटपाशी सहाव्या तारेखाली दोन काड्या एकावर एक ठेवल्या. तरी वर फट उरली.

"पोरी, तार केवढी उचललीय बघ. ह्यात बोटांचा काय दोष?"

ते गिटार घेऊन गेले. नटमधल्या, म्हणजे दांडीच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीतल्या, खाचा बारीक कानशीने खोल केल्या, ब्रिजवरची (गिटारच्या पोटावर तारा अडकवतात तो तुकडा) पांढरी पट्टी, म्हणजे सॅडल, खालून घासून निम्मी केली आणि जाड तारांच्या जागी पातळ तारा चढवल्या. चार दिवसांनी गिटार परत आली. त्याच आठवड्यात माझ्या त्याच आखूड बोटांनी एफ वाजली, सहाच्या सहा तारा. मी आईला स्वयंपाकघरातून हाक मारून ती ऐकवली. दोन वर्षं वाया गेल्याचं वाईट मला अजून वाटतं.

तंबोऱ्याची जवारी नीट लागली नसेल तर कुणी गायला बसत नाही. गायकाचा गळा खराब आहे असं तर कुणी म्हणतच नाही, आधी घोडी पाहतात, घोडीवर तारेखाली घातलेलं सूत सरकवून पाहतात. गिटार मात्र खोक्यातून निघते ती थेट मुलाच्या मांडीवर. स्वस्तातल्या बहुतेक नव्या गिटारींच्या तारा उंच ठेवलेल्या असतात, कारण तार उंच असली की ती फ्रेटवर घासून खरखरत नाही आणि दुकानात तक्रार येत नाही. त्या उंचीची किंमत शिकणाऱ्याची बोटं मोजतात.

म्हणून आधी हे घरी पाहा. शाळेतली स्टीलची पट्टी घ्या, बाराव्या फ्रेटवर उभी धरा आणि सहाव्या, सगळ्यात जाड तारेखालचं अंतर मोजा. अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल तर उत्तम. साडेतीन-चार असेल तर तुम्ही गिटारशी नव्हे, त्या उंचीशी झगडताय. मग तीच तार तिसऱ्या फ्रेटमागे दाबा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते बघा. जेमतेम कागद जाईल एवढीच हवी. तिथे जास्त फट दिसली तर नट उंच आहे, आणि एफ न लागण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं. एफ अगदी नटला लागून वाजवायची असते ना! आणखी एक खूण सांगते. हीच आडव्या बोटाची कॉर्ड पाचव्या फ्रेटवर सहज लागते आणि पहिल्यावर लागत नाही, असं होत असेल तर संशय बोटांवर घेऊ नका.

दुरुस्ती जाणत्या कारागिराकडून करून घ्या. बाराव्या फ्रेटपाशी तार एक मिलिमीटर खाली आणायची तर सॅडल दोन मिलिमीटर घासावं लागतं, कारण बारावी फ्रेट तारेच्या बरोब्बर मध्यावर असते. नटची खाच जरा जास्त खोल गेली तर मोकळी तार खरखरते आणि नट बदलावा लागतो. तारा मात्र तुम्हीच बदलू शकता. १२ चा सेट असेल (हा आकडा पहिल्या तारेच्या जाडीचा, इंचाच्या हजाराव्या भागांत) तर १० चा लावा. १२ च्या सेटची नेकवरची एकूण ओढ सत्तर किलोंच्या वर जाते, १० च्या सेटची साठच्या आसपास राहते. बोटांना हा फरक पहिल्याच दिवशी कळतो. हात अगदीच लहान असेल, दहा वर्षांचं मूल असेल, तर नायलॉनच्या तारांची तीन-चतुर्थांश आकाराची गिटार घ्या, पण स्टीलच्या तारांच्या गिटारवर नायलॉन किंवा नायलॉनच्या गिटारवर स्टील चढवू नका. नायलॉनच्या तारांसाठी केलेल्या गिटारचं लाकूड स्टीलची ओढ सोसत नाही, ब्रिज उखडतो.

ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी आधी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात कामाला होता. १९६५ साली यंत्रात सापडून त्याच्या दोन बोटांची टोकं गेली, आणि तीही तारा दाबायच्या हाताची. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, पुढे तारा नेहमीच्या सुरापेक्षा खाली उतरवल्या. वाद्य बोटांपर्यंत आणलं त्याने. एवढं ज्याने केलं त्याच्यापुढे दहाचा सेट लावायला तुम्ही कशाला संकोचता?

आता बोटांच्या वाट्याचं. दुखणार, हे खरं. दोन-तीन आठवडे दुखतं आणि मग टोकांना घट्टे पडतात. रोज पंधरा मिनिटं बसलात तर ते पडतात; रविवारी दोन तास बसून आठवडाभर हात न लावणाऱ्याची कातडी दर रविवारी नव्याने सोलते. आंघोळ करून किंवा भांडी घासून लगेच बसू नका, कातडी तेव्हा मऊ पडलेली असते. डाव्या हाताची नखं मांसाच्या आत हवीत. आणि तार दोन पट्ट्यांच्या मधोमध नव्हे, फ्रेटच्या धातूच्या पट्टीला खेटून, तिच्या अलीकडे दाबा. निम्म्या जोरात काम होतं.

एफकडे परत येते, कारण बोटं सगळ्यात जास्त इथेच बदनाम होतात. गेल्या वर्षी एक काका यायचे, पोस्टातून निवृत्त झालेले, अक्षर मोत्यासारखं. चार महिने त्यांचं पहिलं बोट सहाही तारांवर सारख्या जोराने दाबत होतं, चेहरा लाल व्हायचा. मी त्यांना वहीत मांडायला सांगितलं : कुठल्या तारेवर कुठलं बोट? त्यांनी रेघा मारून लिहिलं. पाचवी आणि चौथी तार तिसऱ्या फ्रेटवर अनामिका आणि करंगळी दाबतात. तिसरी तार दुसऱ्या फ्रेटवर मधलं बोट दाबतं. मग पहिल्या बोटाकडे राहिलं काय? सहावी, दुसरी आणि पहिली. तीनच तारा! मधल्या तीन तारांवर त्या बोटाने दाब द्यायची गरजच नाही. काका वहीकडे बघत राहिले. मग त्यांनी बोट थोडं अंगठ्याच्या बाजूला कलतं केलं, म्हणजे मऊ मांसाऐवजी हाडाची कड तारेवर आली, कोपर पोटाशी घेतलं, अंगठा नेकच्या मागे मधोमध. दुसरी तार जरा थपथपली, बाकीच्या पाच बोलल्या. त्या दिवशी ते घरी गेले ते गिटार पाठीला लावून सायकलवर, आणि वळणावरून हात करून गेले.

बऱ्याच जणांना वाटतं की सगळी अडचण डाव्या हाताची. मला तसं वाटत नाही. गाणं मोडतं ते उजव्या हाताने. कॉर्ड बदलायची वेळ आली की उजवा हात थांबतो, डावा हात जागेवर पोचेपर्यंत वाट बघतो, आणि तेवढ्यात ताल गेलेला असतो. माझ्याकडे तबला शिकून आलेली मुलं हे कधीच करत नाहीत. केरवा तालाचं 'धागेनति नकधिन' एकदा सुरू झालं की जगबुडी झाली तरी समेवर यायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. इतरांना मी आधी तारांवर डावा तळवा नुसता टेकवून ठेवायला लावते. सूर नाही, फक्त खटक खटक, आणि तोंडाने केरवा. दुसऱ्या आठवड्यात दादरा. मग कॉर्ड. बदलताना दोनच बोटं पोचली तर दोनच, एकही पोचलं नाही तर मोकळ्या तारा वाजू देत, पण हात थांबवायचा नाही. सुरुवात ए मायनर आणि सी या जोडीने करा. त्यात पहिलं आणि मधलं बोट जागचं हलतच नाही, फक्त अनामिका तिसऱ्या तारेवरून उचलून पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला न्यायची.

गाणं शिकलेल्यांची अडचण निराळी, आणि ती मला फार आवडते. त्यांना गिटार बेसूर वाटते. एक मुलगी लहानपणापासून तंबोऱ्यावर गाणारी. सी कॉर्ड वाजवली की म्हणायची, "ताई, गंधार चढलाय." ट्यूनर, म्हणजे सूर तपासायचं यंत्र, हिरवा दिवा दाखवत होता. तिने पहिली तार केसभर उतरवली आणि सी कॉर्ड खरंच गोड झाली. मग ए मायनर वाजवली, आणि तिने तोंड वाकडं केलं. सीमध्ये जो गंधार होता तोच स्वर ए मायनरमध्ये पंचम झाला होता, आणि पंचम उतरला होता. तिचा कान अगदी बरोबर होता. तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा गिटारचा गंधार चढाच असतो. एका अर्धस्वराचे शंभर भाग केले तर जवळपास चौदा भागांनी. सगळ्या कॉर्डना एकाच फ्रेटवर नांदवायचं म्हणून ही तडजोड केलेली आहे. अशा कानाच्या माणसाला 'तुला सूर कळत नाही' असं कुणी म्हटलं की माझा जीव तुटतो.

गाण्याच्या पट्टीचं मात्र सोपं आहे. तुम्ही काळी चारमध्ये गात असाल तर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, पहिल्या फ्रेटवर लावा आणि जीच्या घरच्या कॉर्ड वाजवा. काळी एकमध्ये गात असाल तर कॅपो तिथेच, कॉर्ड सीच्या. गळा गिटारच्या मागे ओढत नेऊ नका.

आणि पाऊस. आपल्याकडे शाळेबरोबर क्लासही जूनमध्ये सुरू होतात. रत्नागिरीची, मुंबईची माझी ऑनलाइन मुलं ऐन दमट हवेत गिटार हातात घेतात. ओल पिऊन लाकूड फुगतं, ब्रिजपाशी पोट वर येतं आणि तारा उचलतात. म्हणजे सगळ्यात नवख्या बोटांना सगळ्यात उंच तार. वाजवून झाली की तारा कोरड्या फडक्याने पुसून गिटार केसमध्ये ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि जूनमध्ये मोजलेलं अंतर ऑगस्टमध्ये पुन्हा मोजा.

चाचा आता नाहीत. त्यांच्या दोन बारीक कानशी माझ्या टेबलाच्या खणात आहेत, मुठीला दोरा गुंडाळलेल्या. तुम्ही आलात की आधी त्या बाहेर निघतील, काडेपेटीही. तुमचा पंजा मी नंतर बघेन. येताना नखं कापून या.