तोलाची वही: अकरावा आठवडा, करंगळीची चुगली

सोमवारी मोजलं. डोळे मिटून एका पायावर: उजवा १९ सेकंद, डावा ८. पहिल्या आठवड्यात डावा जेमतेम ३ होता, म्हणजे रडण्यासारखं काही नाही. तरी आठ म्हणजे आठच.

डोळे उघडे असले की दोन्ही पाय मिनिटभर सहज टिकतात. तोलाची खबर मेंदूला तीन वाटांनी मिळते: डोळे, आतला कान, आणि तळवा-घोट्यातली सांध्यांची जाणीव. डोळे मिटले की सगळी भिस्त उरलेल्या दोघांवर. डावा घोटा पूर्वी दोनदा मुरगळलाय, त्याची जाणीव तिथे उघडी पडते. (हे करताना भिंत हाताशी ठेवा. मी कपाटाच्या कोपऱ्याजवळ उभी होते. पुन्हा नाही.)

नेमकं चुकतंय कुठे, म्हणून मोबाईल जमिनीवर ठेवून पायाचं चित्रीकरण केलं. अंग कलायच्या आधी, अगदी क्षणभर आधी, डाव्या पायाची करंगळी उचलली जाते. वजन टाचेकडे आणि आतल्या कडेला सरकलेलं असतं, आणि मला पत्ताच नसतो. आता टाच, अंगठ्याचं मूळ आणि करंगळीचं मूळ असे तीन टेकू दाबून उभी राहते. बोटांनी मॅट आवळायची नाही, पोटरी लगेच भरून येते.

पण खरी फजिती बुधवारी रांदोरीत, म्हणजे ज्युदोच्या मोकळ्या झुंजीच्या सरावात. पुतळ्यासारखं उभं राहण्यात मी पटाईत झाले आणि साथीदाराने देआशी-हाराई या पाय झाडायच्या डावाने मला अलगद झोपवलं. जोर असा लावलाच नाही. पुढचा पाय टेकतोय, वजन नुकतंच त्याच्यावर येतंय, तेवढ्यात तळव्याने झाडला. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली; त्यांच्या ज्युदोत आधी कुझुशी, म्हणजे समोरच्याचा तोल मोडणं, मग डाव. हे मी शंभरदा ऐकलंय. पाठ टेकल्यावर कळलं.

तेव्हापासून सराव बदलला. साथीदार माझ्या कमरेला पट्टा बांधून मागे उभा राहतो, मी डोळे मिटते, तो आठपैकी कुठल्याही दिशेला हिसका देतो. एकाच पावलात सावरायचं, पाय एकमेकांत अडकू द्यायचे नाहीत. बाजूच्या हिसक्यांना मी दोन-दोन पावलं खाते. कारण माझा झेनकुत्सू-दाची, कराटेतला पुढचा गुडघा वाकवून उभं राहायचा पवित्रा! दोन्ही पाय दोरीवर चालल्यासारखे एका रेषेत पडतात. खांद्याइतकं अंतर ठेवलं की निम्मा त्रास जातो.

स्वसंरक्षणाबद्दल माझं मत कडक आहे: डोक्याच्या उंचीच्या लाथा तिथे नकोत, एक पाय हवेत म्हणजे अर्धा तोल आपणच गहाण टाकलेला. कुणी ओढलं तर उलट ताणत बसू नका. त्याच दिशेला एक पाऊल टाका, हात चेहऱ्यासमोर, आणि मोकळीक मिळताच निघा. आणि उकेमी, म्हणजे इजा न होता पडायचा सराव, रोज करा. हनुवटी छातीशी, पाठ गोल, हात ताठ टेकवायचा नाही, मनगट जातं. ओल्या जिन्यावर घसरलात तरी हेच कामी येईल.

शनिवारी पुन्हा मोजलं. डावा ११. करंगळी उचललीच, पण यावेळी उचलताना कळलं.